काडी नि जोडी

“मॅचच्या कारखान्यातली पोरगी, आणि म्हणे आमच्या नेडला मॅच!” डुप्रीबाईंनी चहाची किटली टेबलावर ठेवली ती आपटूनच. “शब्द एक असला म्हणून घराणी एक होतात की काय?”

हेटी टान्सली समोरच बसली होती, पाठ ताठ करून. लंडनच्या पूर्वेला, बो वस्तीतल्या कारखान्यात ती लहानपणापासून काडेपेट्या भरत आली होती. तिच्या गल्लीत काडीला मॅच म्हणत, शनिवारी पोरं चेंडू लाथाडत तीही मॅच, आणि कुणाचं लग्न ठरलं की बायका उंबऱ्यावरून ओरडत, “छान मॅच जमली गं!” कारखान्यातल्या पोरी तर हेटीला रोज छेडत, “हेटे, नेडची एक मॅच शनिवारी, तुझ्या मात्र ढिगानं! घर तूच चालवणार बघ.” तेव्हा हा शब्द गुळासारखा जिभेवर विरघळायचा. आज डुप्रीबाईंच्या तोंडून तोच काडीसारखा खर्रकन ओढला गेला.

“आई, तिच्यासमोर तरी...” नेड म्हणाला.

“तिच्यासमोरच बोलते, पाठीमागं बोलायची माझी रीत नाही.” बाई हेटीकडे वळल्या. “हे बघ पोरी, माझा मुलगा ऐकत नाही, तेव्हा लग्न होईल. पण चर्चमध्ये त्या पिसांच्या टोप्यांवाल्या कारखान्यातल्या पोरी नकोत. आणि करवली म्हणून ती नॅन तर मुळीच नको. लोकांनी नवरीकडे बघायचं की तिच्या तोंडाकडे?”

हेटीनं हातातली बशी टेबलावर ठेवली.

नॅन तिच्याच बाकावरची. काड्यांच्या टोकाला लावतात त्या फॉस्फरसच्या वाफेनं आधी नॅनची दाढ दुखली, मग जबडा सडला. डॉक्टरांनी जीव वाचवला, खालचा अर्धा जबडा मात्र काढून टाकला. हेटीची आई गेली तेव्हा तिच्या वेण्या याच नॅननं घातल्या होत्या. काळोखात फॉस्फरसनं नॅनची बोटं काजव्यासारखी मंद उजळायची, आणि छोट्या हेटीला वाटायचं, ही कुणी परी आहे.

“नॅन नसेल,” हेटी म्हणाली, “तर नवरीही नसेल.”

कोपऱ्यात नेडचे आजोबा बसले होते, रेशमाच्या मागावर जन्म घालवलेले. डुप्रींचे पूर्वज धर्मापायी फ्रान्स सोडून आले, तेव्हा माग नि चार शब्द एवढंच बरोबर आणलं, असं ते सांगत. माग कधीच विकला गेला. शब्द तेवढे उरले. दिवा धुरकटला तसे ते नेहमीप्रमाणे पुटपुटले, “सूनबाई, मेश काप गं, मेश.”

बाईंनी कात्रीनं वात कापली. दिवा उजळला, पण बाईंचा चेहरा नाही. “ठरलं तर. पाद्रीबाबांकडे जाऊन काय ते सांगू. चर्चमध्ये सगळ्यांसमोर हे लग्न पुकारायचं की नाही, तेच ठरवतील.”

नेड हेटीला सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, “आईचं एवढ्यापुरतं ऐकू या ना. नॅन रागावणार नाही.”

“नाही रागावणार. म्हणून तर तिला विचारायचं नाही. तू कुणाच्या बाजूनं खेळतोयस, ते तेवढं ठरव.”

शनिवारी संध्याकाळी मैदानावरून तो चिखलाच्या पायांनी तसाच चर्चमागच्या खोलीत आला, आणि आईशेजारची खुर्ची सोडून हेटीशेजारी बसला.

म्हातारे पाद्रीबाबा शब्दांचे वेडे. भांडण ऐकता ऐकता त्यांचे डोळे लुकलुकले. “तसं पाहिलं तर डुप्रीबाई, हे मुळात दोन शब्द आहेत. दोन वेगळ्या गावांहून आले नि आता एकाच नावानं राहतात.”

“बघा!” बाईंनी मान उडवली. “मी तरी दुसरं काय म्हणत होते?”

हेटीचं मन खट्टू झालं. पाद्रीबाबांच्या तोंडूनही तेच.

“लग्नातला मॅच आपल्याच मातीतला,” ते सांगू लागले. “फार जुना. अर्थ जोडीदार, बरोबरीचा. मैदानातली मॅच त्याचीच लेक. समोर बरोबरीचा नसेल तर खेळ कसला? काडीचा मॅच मात्र परका. तो फ्रेंचांकडून आला. त्यांच्याकडे दिव्याच्या वातीला म्हणतात...”

“मेश!” हेटी ताडकन उठली.

पाद्रीबाबा चकित झाले. “तुला गं कसं ठाऊक?”

“यांच्या घरी आजोबा रोज हाक मारतात की तिला!” हेटी हसली नि बाईंकडे वळली. “म्हणजे काडी तुमच्या घरची निघाली, डुप्रीबाई. इतकी वर्षं मी तुमच्याच घराण्यातली वात पेटीत भरतेय, आणि तुम्ही मलाच नाक मुरडता? त्या वातीपायी नॅननं अर्धा चेहरा दिला. लंडनभर चुली पेटतात, दिवे लागतात, त्यांत तिचा चेहरा आहे. तिला मी दाराबाहेर उभी करू?”

बाईंनी हातमोज्याची बोटं एकेक करून ओढली.

“आई,” नेड हळूच म्हणाला, “तुला बरोबरीची भेटली गं.”

“तू गप रे!” बाई उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या नि मागं न बघता म्हणाल्या, “त्या पोरींना सांग, टोप्यांची पिसं झटकून या. चर्चमध्ये मला धूळ चालायची नाही.”

लग्नाच्या दिवशी बोच्या पोरी गल्ली अडवून आल्या. हातात हात, टोप्यांवर लाल, निळी, जांभळी पिसं. गात होत्या,

“बोच्या आम्ही पोरी गं, टोपीला पिसं भारी,
एकीला कुणी बोललं तर साऱ्या त्याच्या दारी!”

नॅन करवली झाली. तोंडावर रुमाल बांधून, मान वर करून ती नवरीच्या उजव्या हाताला चालली. कुणी बघितलं, कुणी नजर वळवली. हेटी मुद्दामच सावकाश चालली.

मग डुप्रींच्या घरी जेवण. थंड मांस, पाव, लग्नाचा जड केक. पोरी हसत होत्या, खात होत्या. नॅन मात्र बशी मांडीवर घेऊन नुसतीच बसली. चारचौघांत ती खात नसे, कारण घास ओठांत टिकत नसे. हेटीच्या ते ध्यानात आलं नि ती उठू लागली.

तोवर डुप्रीबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात वाडगा होता. केकचा तुकडा त्यांनी कोमट दुधात अगदी मऊ कुस्करला होता. वाडगा त्यांनी नॅनच्या हातात दिला, एक स्वच्छ फडकं तिच्या गुडघ्यावर पसरलं. मग स्वतःची खुर्ची ओढून घेतली, आणि पाहुण्यांकडे तोंड, नॅनकडे पाठ करून तिच्यासमोर ऐसपैस बसल्या.

“बघतेस काय?” त्या हेटीवर डाफरल्या. “पाहुण्यांना चहा ओत.”

हेटी चहा ओतू लागली. बाईंच्या रुंद, काळ्या रेशमी पाठीआड चमचा वाडग्याला लागल्याचा बारीक आवाज येत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा.