गुडघ्यांसाठी प्रार्थना

प्रार्थनेच्या नावाखाली चहाड्या करता येतात, हा शोध ज्या कुणी लावला त्याला खरं तर भर चौकात उभं करायला हवं! लॅबवालीच्या चर्चच्या मंडळीत हे काम ऑर्गनवाली करायची. रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवायची आणि बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत नाकाने कांदे सोलायची.

गेल्या वर्षी लॅबवालीच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. माघार घेतली होती मुलाने. पण त्या बुधवारी ऑर्गनवालीने डोळे मिटून, गळा दाटून आणून प्रार्थना केली, "प्रभू, त्या लेकराला वाईट संगतीतून सोडव!" कसली संगत? कुणाची संगत? पण आमेन म्हणेपर्यंत तिची बातमी झाली होती. तेव्हापासून लेकीने चर्चची पायरी चढली नव्हती.

आणि आज लॅबवालीच्या हाती आयतं कोलीत आलं. रक्त-लघवी तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. सकाळी एका तरुणाच्या नोकरीआधीच्या तपासणीत नशेच्या गोळ्यांचा अंश निघाला. तिने चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग नाव वाचलं, तर ऑर्गनवालीचा थोरला! दुपारी मुलाची चिठ्ठी घेऊन ऑर्गनवालीच रिपोर्ट न्यायला आली. काउंटरवर लॅबवालीला बघून ती पांढरीफटक पडली आणि पाकीट पर्समध्ये कोंबून चालती झाली.

संध्याकाळी पाचला बुधवारच्या सभेसाठी चर्चच्या पाळकांच्या घरी नऊ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. रीत अशी, की सगळ्यांनी हात धरायचे आणि प्रत्येकीने आपल्या उजवीकडच्या बहिणीसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. ऑर्गनवाली उशिरा आली. रिकामी खुर्ची एकच, तीही नेमकी लॅबवालीच्या उजवीकडे. देवानेच आणून बसवली, असं लॅबवालीला वाटलं. मग वाटलं, देव कशाला असले उद्योग करेल?

वाक्य तर तयारच होतं, 'हिच्या मुलाला नशेतून सोडव!' कुणी नावं ठेवली नसती, उलट "किती हा कळवळा!" म्हणाल्या असत्या. लॅबचं गुपित? छे, देवाला सांगायला कसली आलीय बंदी! ही पळवाट तर ऑर्गनवालीचीच, हे ध्यानात आलं आणि लॅबवाली स्वतःवरच भडकली. पण राग कुठे ऐकतो? वर्षभराची आग जिभेवर येऊन बसली होती.

तिची पाळी आली.

"प्रभू, माझ्या या बहिणीच्या..."

डोळे मिटलेले असले तरी सगळ्यांचे कान टवकारले. लॅबवालीच्या हातातला हात गार पडला होता. तोही एका आईचाच हात होता. लॅबवालीने कडू काढा गिळावा तसं ते वाक्य गिळलं.

"...गुडघ्यांना आराम दे. ऑर्गनचे पेडल दाबून दाबून दुखतात बिचारीचे. आमेन."

चहाच्या वेळी ऑर्गनवालीने तिला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? माझे गुडघे तर ठणठणीत आहेत."

"ठाऊक आहे मला. देवाशी खोटं बोलले, त्याची क्षमा मी मागेन." लॅबवालीचा आवाज चढला. "पण माझ्या लेकीच्या वेळी तुम्हाला गुडघे सुचले नाहीत? दाढ सुचली नाही, डोकेदुखी सुचली नाही? नेमकी संगतच सुचली?"

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ऑर्गनवालीने घाईने दार लोटलं.

"रविवारी ऑर्गनला हात लावण्याआधी उभ्या राहा. मी त्या मुलीबद्दल बोलले ते खोटं होतं, एवढंच सगळ्यांसमोर सांगा."

"आणि... नाही सांगितलं, तर?" ऑर्गनवालीने घाबरत विचारलं.

ही दुसरी परीक्षा होती, पहिलीपेक्षा अवघड. नुसतं गप्प राहिलं असतं तरी धाकाने काम झालं असतं. लॅबवालीने कप खाली ठेवला.

"तर काही नाही. तुमच्या मुलाचं माझ्या तोंडून तेव्हाही बाहेर पडणार नाही. माझी लेक मात्र घरीच बसेल."

एवढं बोलून तिने चपला घातल्या. चहा तसाच राहिला.