पन्नास नंबरचा बिल्ला

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर शिंगे उभारून बसलेला राउटर तुम्ही पाहिला असेल. तो माझा धाकटा भाऊ. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे त्याचे लाडही होतात आणि बोलणीही त्यालाच बसतात. मी त्याच कुळातला, पण एका इस्पितळाच्या जिन्याखालच्या कपाटात उभी हयात काढलेला जुना राउटर. मला शिंगे नाहीत. पत्र्याचे चपटे अंग, समोर हिरवे दिवे आणि पोटात एक पंखा, जो उकाड्यात जरा मोठ्यानेच घोरतो. रूपाने मी बेताचाच. तरीही माझ्याइतका सुखी राउटर शोधून सापडायचा नाही, आणि का ते आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. आठवते ती कारखान्यातली परीक्षा. एका बाईंनी मला तारा जोडल्या, माझे सगळे दिवे लागलेले पाहिले, पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात घातले. खोक्यातल्या अंधारात एकच विचार मनात घोळत होता, आपल्या वाट्याला घर कोणते येणार?

घर आले ते इस्पितळाचे. जिन्याखालचे कपाट उघडले, तर आत माझ्याआधीच एक बाई ऐसपैस बसलेल्या. ती स्विच. तिच्या अंगावर तारा खोचायची इतकी भोके, की पाहणाऱ्याला मोजायचा कंटाळा यावा. प्रत्येक भोकातली तार इस्पितळाच्या कुठल्या ना कुठल्या खोलीत गेलेली. ती वयानेही मोठी आणि घेरानेही, म्हणून पहिल्या दिवसापासून मी तिला ताई म्हणतो.

आम्हा दोघांना बसवणारे तारकाका. त्यांचे खरे नाव कार्यालयाला माहीत असेल. बाकी सगळे त्यांना तारकाकाच म्हणत, कारण खिशातून रुमाल काढला तरी सोबत तारेचा तुकडा बाहेर येई. त्यांनी ताईच्या पोटात एक गंमत केली. डबा एकच, पण आत वेगवेगळ्या आळ्या पाडल्या. भिंती विटांच्या नव्हत्या, नुसत्या हुकमाच्या होत्या. दहा नंबरची आळी कार्यालयाची, वीसची प्रयोगशाळेची, तीसची वॉर्डांची आणि चाळीसची भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची. या आळ्यांना तारकाका 'व्हीलॅन' म्हणत. दोन तारा ताईच्या अंगावर शेजारी शेजारी खोचलेल्या असोत, आळी वेगळी असेल तर एकीचे बोलणे दुसरीला ऐकू जात नसे. आणि ते बरेच होते. पाहुण्यांनी फोनवर सिनेमा लावला म्हणून प्रयोगशाळेचे काम अडायला नको, आणि कुणाच्या रक्ताचा अहवाल भलत्याच्या नजरेला पडायलाही नको.

पण मग प्रयोगशाळेतला अहवाल वॉर्डातल्या डॉक्टरांपर्यंत जायचा कसा? तिथे माझे काम सुरू होई. माझ्या आणि ताईच्या मध्ये तार होती एकच, पण त्या एका तारेवरून मी सगळ्या आळ्यांच्या वेशींवर एकाच वेळी उभा असे. प्रत्येक आळीला वाटे, हा राखणदार खास आपला! प्रयोगशाळेतून अहवाल निघाला, की ताई त्याला वीस नंबरचा बिल्ला लावून माझ्याकडे धाडी. कुठे निघालात, परवानगी आहे का, एवढे मी पाही. मग वीसचा बिल्ला काढी, तीसचा लावी आणि त्याच तारेने त्याला परत खाली पाठवी. ताई त्याला वॉर्डात बरोबर नेऊन सोडी. डोळ्याची पापणी लवण्याआधी हे सगळे उरके. पाहुण्यांच्या आळीतला एखादा आगाऊ फोन प्रयोगशाळेकडे वळलाच, तर त्याला मी वेशीवरूनच माघारी फिरवी. दिवसभर हाच उद्योग, पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. एकदा मोठ्या सिस्टर कपाटासमोरून जाताना म्हणाल्या, "काका, हल्ली अहवाल मागायच्या आत हजर असतो हो!" त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर पत्रा चढला.

मग वरच्या मजल्यावर नवी काचेची खोली झाली. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तिथे उबेत ठेवायचे. खोलीतली पहिली पाहुणी होती एक एवढीशी मुलगी. तिची आई खालच्या वॉर्डात. तिचे मोठे ऑपरेशन झालेले, त्यामुळे डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायला सक्त मनाई केली होती. बाळाला खाली आणता येत नव्हते, आईला वर जाता येत नव्हते. जन्मल्या जन्मल्या बाळाला उचलून वर नेले होते, आणि आईने अजून तिचे तोंडही पाहिले नव्हते.

मध्ये होता तो बाळाचा बाबा. बिचारा दिवसभर जिना चढे आणि उतरे, थेट माझ्या डोक्यावरून. मोठ्या सिस्टर तारकाकांना त्याची गंमत सांगत.

"बायकोनं विचारलं, कशी दिसते? तर हा म्हणतो, बाळासारखी! तिनं परत पाठवलं, नीट बघून ये म्हणून. तर खाली येऊन काय सांगतो, नाक आहे म्हणे!"

तारकाका खो खो हसले. मीही पंखा जरा जोरात फिरवून घेतला. दोन मजल्यांमधला तो राउटरच होता, फक्त निम्मा निरोप वाटेत सांडणारा. पण मग सिस्टरांचा आवाज उतरला.

"काल मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होती हो. म्हणाली, सिस्टर, तिनं माझा आवाजसुद्धा ऐकला नाही, ती मला ओळखेल तरी का? काका, काहीतरी करा."

तारकाकांनी लगेच कंबर कसली. काचेच्या खोलीत कॅमेरा आणि बोलका पडदा लावला. तसाच पडदा आईच्या खाटेशी. बाळांची खोली कुणाच्याही नजरेला पडू नये म्हणून ताईच्या पोटात पन्नास नंबरची वेगळी आळी पाडली. माझ्याकडेही पन्नासची नवी वेस उघडली. वॉर्डातल्या त्या एका पडद्याला तेवढी परवानगी दिली. मी तर नव्या वेशीवर अगदी ताठ उभा राहिलो.

पण कुणी येईचना! पन्नासचा बिल्ला लावून एकही प्रवासी वर आला नाही. आईच्या खाटेशी पडदा काळाचा काळा. तारकाकांनी तार बदलली. मला बंद केले, पुन्हा चालू केले. (मित्रांनो, आमच्या कुळातल्या सगळ्यांना हा एकच काढा पाजतात, दुखणे कोणतेही असो.) काही उपयोग झाला नाही. मग कार्यालयातले साहेब येऊन कपाटात डोकावले आणि त्यांनी सगळे खापर माझ्या डोक्यावर फोडले.

"म्हातारं झालंय हे डबडं. नवीन आणून ठेवलंय ना? संध्याकाळपर्यंत बदलून टाका."

डबडे! मला फार लागले. नव्याच्या बसवण्या-शिकवण्यात चार दिवस जाणार, हे तारकाकांना माहीत होते आणि मलाही. म्हणजे तेवढे दिवस ती आई काळ्या पडद्याकडे बघत पडणार. वाट कुठे अडली आहे ते मला दिसत होते, पण सांगणार कसे? आमची जीभ म्हणजे हे दिवे, आणि दिवे तर सगळे हिरवेगार!

आता तारकाकांची एक खोड सांगतो. काम अडले, की ते स्वतःच निरोप होत आणि निरोपाची वाट पायांनी चालून पाहत. त्या दिवशी ते जिन्याकडे निघाले, तेवढ्यात वरून बाळाचा बाबा उतरला.

"काका, मी चालतो ना. नाहीतरी सकाळपासून वर-खालीच करतोय."

सिस्टरांनी कागदावर मोठ्ठा पन्नास लिहून त्याच्या शर्टाला टाचणीने लावला. बाबा काचेच्या खोलीपाशी जाऊन तिथून निघाला आणि गंभीर चेहऱ्याने कपाटापाशी आला. तारकाका ताईच्या जागी हात आडवे करून उभे राहिले.

"कुठून आलात?"

"काचेच्या खोलीतून."

"कितीचा बिल्ला?"

"पन्नास."

"कुठे जायचंय?"

"बायकोकडे."

"अहो, आधी राउटरकडे जायचंय म्हणा!"

"बरं, राउटरकडे."

"मग जा या तारेनं वर. इथून दहा जातात, वीस जातात, तीस, चाळीस..." बोलता बोलता तारकाकांचे हात हवेतच थांबले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मीच तर स्विचला सांगून ठेवलंय, या तारेवर एवढेच चार बिल्ले सोडायचे! पन्नासला सोड म्हणून सांगितलंच नाही की!"

"म्हणजे माझी पोरगी इथं दारातच उभी आहे?"

"बिल्ला लावून उभी आहे बिचारी, आणि कुणी आत घेत नाहीये!"

तारकाकांनी तिथल्या तिथे ताईला नवा हुकूम दिला. दिला न दिला तोच पन्नासचा पहिला बिल्ला माझ्या वेशीवर आला. त्यामागे दुसरा, तिसरा, नुसती रीघ! मित्रांनो, मी आयुष्यात अहवाल नेले, चिठ्ठ्या नेल्या, पण एवढे हलके आणि एवढे मोलाचे ओझे कधी नेले नव्हते. चित्राच्या एका तुकड्यात एक मूठ होती, एकात टोपी, एकात इवलीशी जांभई. मी भराभर बिल्ले बदलले आणि त्यांना तीसच्या आळीत धाडले.

आणि मग उलट्या वाटेने आईचा आवाज आला.

"अगं बाई! अरे, हिला खळी पडते! तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तिथं काहीतरी लागलंय," तिच्या खाटेशी धावत पोचलेला बाबा म्हणाला.

"हसवू नकोस रे, टाके दुखतात!" ती हसतही होती आणि रडतही होती. मग ती पडद्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "ए चिमणे, मी आई." तो आवाज मी वर नेऊन पोचवला. हात-पाय झाडणारी ती पोर एकदम थांबली आणि आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली. ते चित्र खाली नेताना माझा ऊर इतका भरून आला, की पंखा घोरायचासुद्धा विसरला.

नवा डबा खोक्यातच राहिला. साहेबांनी जाता-येता माझ्याकडे बघून मान हलवायला सुरुवात केली, आणि मी ती माफी समजून घेतली. पुढे पुष्कळ वर्षे मी आणि ताईने काचेच्या खोलीतल्या कितीतरी जांभया खाली पोचवल्या.

मग एक दिवस आमच्या जागी नवी स्विच आली. ती मोठी हुशार. आळ्याही तिच्याच पोटात आणि वेशीही तिच्याच पोटात, मध्ये तारेचे हेलपाटे नाहीत. मला तिचा हेवा वाटत नाही, कारण काम तेच आहे आणि ते चालू आहे. ताईला आणि मला तारकाकांनी आपल्या खोलीतल्या फळीवर ठेवले. तिथे काही काळ धूळ खाल्ली, हे खरे. माझ्या पंख्याच्या जाळीत कोळ्याने बिऱ्हाडही केले.

पण परवा दार उघडले आणि ते तिघे आत आले. आई, बाबा आणि मध्ये खळीवाली एक मुलगी, शाळेच्या दप्तरासकट. तारकाकांनी फडक्याने माझे अंग पुसले, मला आणि ताईला वीज दिली. माझे दिवे लागले.

"एवढ्याशा डब्यातून मी आईकडे गेले?" मुलीने विचारले.

"हो तर! पण बिल्ला दाखवून," तारकाका म्हणाले.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या जिवांसाठी मला एवढेच मागायचे आहे. आमच्या जाळीवर कपडे वाळत घालू नका, अधूनमधून धूळ पुसा. आणि काही अडले, की म्हाताऱ्याला मोडीत काढण्याआधी एकदा ती वाट स्वतः चालून पाहा. एखादे वेळी कुणीतरी दारातच उभे असते, आणि त्याला आत घ्यायचे तेवढे राहून गेलेले असते.

तारकाका दारात हात आडवे करून उभे राहिले. आई बाहेर जाऊन थांबली.

"कितीचा बिल्ला?"

"पन्नास!" मुलगी ओरडली.

"मग जा!"

आणि ती त्यांच्या हाताखालून सुटली ती थेट आईच्या कुशीत. या खेपेला वाटेत कुणीच अडवले नाही.