पाठ चोळताना

हिल्का अंगणातल्या दांडीवर टाकलेली सतरंजी बडवत होती. कुंपणापलीकडून, ठरलेलं अंतर राखून, शेजारची रीत्वा म्हणाली,

"काय लिहितो गं तुझा नवरा. काल वाचून मी रडलेच."

"कोण, एस्को?" हिल्काला हसू आलं. "वाढदिवसाच्या कार्डावर त्याची सहीसुद्धा मी करते."

रीत्वानं मोबाइल कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरली. करोनात मन मोकळं करायला कुणीतरी काढलेला फेसबुकवरचा गट होता तो. एस्कोनं लिहिलं होतं, 'भाऊ तोइवो नदीपलीकडे, स्वीडनमध्ये राहायचा. आमच्या खिडकीतून त्याचं घर दिसतं. वसंतात सरहद्द बंद झाली, पुलापाशी जाळी आली. तो तिकडे वारला तेव्हा मी इकडच्या काठावरून दफनाच्या वेळची चर्चची घंटा ऐकली. तेव्हापासून रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं.' खाली अनोळखी लोकांनी बदामांचा नुसता खच पाडला होता.

हिल्कानं मोबाइल खांबावर परत ठेवला आणि सतरंजी अशी झोडपली, की रीत्वा मुकाट्यानं आत गेली.

तोइवो गेल्याचा फोन आला तेव्हा एस्को नुसता 'बरं' म्हणाला होता आणि होडीला रंग द्यायला निघून गेला होता. तेव्हापासून ती रोज विचारत होती, काय होतंय तुला? काही नाही. झोप लागत नाही का? लागते. उन्हाळाभर तिनं हे गिळलं होतं. आणि हा पठ्ठ्या मात्र सगळ्या जगाला सांगत सुटला होता. तिला संताप आवरेना.

जेवताना तिनं बटाट्यांचं भांडं टेबलावर आदळलं.

"बदाम बरेच पडले म्हणे."

एस्कोचा सोलणारा हात थांबला. "रीत्वा चोंबडी आहे."

"रीत्वाचं सोड. मी काय मेले होते?"

"तसं नाही."

"मग कसं?"

त्यानं साल बोटांत चुरगाळली.

"तिथं कुणाला माझं तोंड दिसत नाही," तो म्हणाला. "तू बघत बसतेस. मग तुझंच तोंड पडतं. मग मी तुझ्याकडे बघायचं, की माझं सांगायचं?"

ती जास्तच चिडली.

पण शनिवार होता. भांडण झालं म्हणून शनिवारचा सॉना, ती वाफेची अंघोळ, कुणी चुकवत नाही. दोघं अंधाऱ्या, तापलेल्या खोलीत फळीवर बसले. तिनं दगडांवर पाणी टाकलं. वाफ अंगावर आली. मग नेहमीसारखा तो खालच्या फळीवर उतरला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. तिनं ब्रशला साबण लावला.

"जोरात चोळतेयस," तो म्हणाला.

"चिडलेय मी."

तिच्यासमोर त्याची मान होती आणि खांद्यावरचा ओळखीचा तीळ.

"इथून मलाही तुझं तोंड दिसत नाही," ती म्हणाली.

दगड चरचरत राहिले. आता हा नेहमीसारखं 'पाणी ओत' म्हणणार, असं तिला वाटलं.

"पूल बंद झाल्यावर तोइवो रोज अंधार पडला की खिडकीत दिवा ठेवायचा," एस्को म्हणाला. "ठीक आहे, हे कळावं म्हणून. मीही ठेवायचो."

"मला वाटायचं, मांजरासाठी ठेवतोस."

"त्या रात्री त्याचा दिवा लागला नाही. मी बघितलं. म्हटलं, बल्ब गेला असेल. फोन करावा, असं मनात आलं होतं. आणि मी झोपलो." त्याचे खांदे हलू लागले. "हे तिथं लिहिलं नाही मी."

हिल्काचं तोंड पडलं. पार पडलं. तिनं हात मात्र थांबू दिला नाही, ती त्याची पाठ चोळत राहिली.