पुंजाजीची जोडी

चांदूर बाजारचा फुटबॉल संघ लागोपाठ दोन वर्षं शेवटला आला, तेव्हाची ही गोष्ट. साल दोन हजार पाच असेल, नाहीतर सहा. गावात बैल विकणारे शंभर आणि घेणारा एकही नाही, असे ते दिवस होते. मी संघाचा मॅनेजर होतो, म्हणजे लिंबूपाण्याची बादली माझ्याकडे असायची. जे सांगतो ते बादलीशेजारी बसून पाहिलेलं आहे. कोणाला खोटं वाटलं तर त्यानं घरी येऊन बादली पाहावी, अजून आहे.

संघाचा कोच कुर्बानभाई. धंदा गाद्या भरण्याचा. चेंडूचा ब्लॅडर फुटला की तो नवा न आणता आत पिंजलेला कापूस भरायचा. कुर्बानभाईचं पिंजण इतकं हलकं की असा चेंडू वर गेला म्हणजे खाली यायला त्याला फुरसत लागे. एकदा आमचा गोली तेवढ्या वेळात घरी जाऊन चहा पिऊन आला, तरी वेळेवर पोचला.

मैदान मात्र भगवंतरावांचं. तीन एकर काळं वावर, वडिलांनी पोरांना खेळायला सोडलेलं. दुसऱ्यांदा शेवटले आलो त्या संध्याकाळी भगवंतराव मैदानाच्या मधोमध उभे राहिले, बुटाच्या टोकानं माती उकरली, मूठभर उचलून चोळली.

"माती झकास आहे बे, कुर्बान," ते म्हणाले. "आता आणखी एकदा शेवटले आले तं मिरगात इथं तूर पेरतो. तिफण तयारच आहे."

भगवंतराव बोलले की पेरतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. कुर्बानभाईनं दुसऱ्या दिवशी गादी शिवताना सुई स्वतःच्या मांडीत टोचली आणि दोन टाके घालून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

पण भगवंतरावांचाही संघावर जीव होता. त्यांना तूर पेरायची नव्हती, हरायचंही नव्हतं. शेंदूरजनाघाटच्या बागेतली संत्री नुकतीच चांगल्या भावानं गेली होती.

"पोरं तयार कराले दहा वर्षं लागतात," ते म्हणाले. "बाजारात तयार खेळाडू भेटते. मी तीन विकत आणतो."

"भाऊ, विकतचा खेळाडू आज आपला, उद्या दुसऱ्याचा," कुर्बानभाई म्हणाला. "यंदा पहिला नंबर आपला आहे. एक पोरगा असा उचलतो की दहा साल फिकर नाई."

हा पहिला नंबर काय ते सांगतो. स्पर्धा अख्ख्या वऱ्हाडाची, कारभार अकोल्याचा. उन्हाळ्याआधी अकोल्याला जठारपेठेत एका दुकानावरच्या हॉलमध्ये नवी पोरं रांगेत उभी करत आणि संघांनी एकेक उचलायचा. जो संघ शेवटला आला त्यानं सगळ्यांत आधी उचलायचा, म्हणजे दुबळ्याच्या अंगात जोर येईल. आम्ही मागच्या वर्षीही पहिले होतो. कुर्बानभाईनं सगळ्यांत उंच पोरगा उचलला, तो वाकेचना. चेंडू पायाशी आला की तो बसून घ्यायचा.

"तुह्या नजरेचा भरवसा नाई," भगवंतराव म्हणाले. "मी तिघं आणतो, तू एक उचल. पण उचलताना पुंजाजीले सोबत ने."

पुंजाजी हा बैलाचा दलाल. चाळीस वर्षं बाजारात, एकही जनावर चुकलं नाही. त्यानं आयुष्यात बैलाशिवाय कशाचीच पारख केली नव्हती, बायकोसुद्धा भावानं पाहिली होती. त्या वर्षी बाजार बसलेला, त्यामुळे तो रिकामाच होता. दुपट्टा खांद्यावर टाकून एसटीत आमच्या आधी जाऊन बसला.

जठारपेठेच्या हॉलमध्ये तीस पोरं उभी होती. पुंजाजीनं सगळ्यांना आधी चालवलं. मग पाणी पाजलं आणि कोण कसा पितो ते पाहिलं. मग एकेकाला तोंड उघडायला लावलं.

स्पर्धेचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, दात कशाला पाहता?"

"वय समजते."

"वय फॉर्मवर लिहिलेलं आहे."

"बैलवालाही वय सांगतेच ना," पुंजाजी म्हणाला आणि फॉर्मवर सतरा वर्षं लिहिलेल्या एका पोराच्या दाढा बघून हळूच विचारलं, "लेकरं किती?"

"दोन," पोरगा बोलून गेला.

त्याचं नाव तिथंच कापलं आणि पुंजाजीकडे सगळा हॉल आदरानं पाहू लागला.

सगळ्यांची नजर शाहनवाजवर होती. अकोल्याचाच पोरगा. चेंडू त्याच्या पायाला असा चिकटायचा की बुटासोबत घरी जाईल. कुर्बानभाईचे डोळे भरून आले.

"हाच," तो म्हणाला. "पुंजाजी, याच्यासाठी दोन साल हरलो आपण."

पुंजाजीनं शाहनवाजभोवती तीन चकरा मारल्या. "जनावर नंबर एक आहे. पण एकटं आहे. एकटा बैल घेऊन मी काय करू?"

"फुटबॉल आहे हा, वखर नाई."

"ते तुमाले वाटते."

रांगेच्या शेवटी दोन भाऊ उभे होते, सहदेव आणि बंडू, शेंदूरजनाघाटचे. धंदा संत्र्याच्या पेट्या ट्रकमध्ये भरायचा. सहदेव खालून पेटी फेके, बंडू वर झेले. सहा वर्षं हेच. त्या दिवशी संत्र्याचा ट्रक घेऊन अकोल्याला आले होते, ट्रक रिकामा होईस्तोवर सावलीला म्हणून हॉलमध्ये शिरले, तर कोणीतरी रांगेत उभं केलं. पुंजाजी त्यांच्यासमोर बराच वेळ थांबला. सहदेवनं डाव्या पायावर भार टाकला की बंडू उजव्यावर टाके. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

पुंजाजी तिथून सरळ अकोल्याच्या संघाच्या मालकाकडे गेला. हे शाकीबभाई, सरकीच्या ढेपेचे व्यापारी, बैलबाजारातच वाढलेले. पुंजाजीनं हात पुढे केला, वर दुपट्टा टाकला. बाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं दाबायची, बोलायचं काहीच नाही, आजूबाजूच्याला पत्ता लागत नाही. दुपट्टा चार वेळा हलला. शाकीबभाईंनी एकदा हात ओढून घेतला, परत घातला. मग दोघं हसले.

"झालं," पुंजाजी येऊन म्हणाला. "आपला पहिला नंबर त्याहिले दिला."

कुर्बानभाई जिन्याच्या पायरीवर खाली बसला.

"अन् त्याहिचा दुसरा अन् तिसरा आपण घेतला," पुंजाजीनं सांगितलं. एक संघ त्या वर्षी मोडला होता, त्याचा नंबर अकोल्याकडे आलेला, म्हणून त्यांच्याकडे दोन होते. "एका बैलाच्या बदल्यात जोडी. आता तूच सांग, महाग पडली का?"

"पुंजाजी, तू माझं मैदान विकून आला," कुर्बानभाई म्हणाला. चांदूर येईपर्यंत तो एसटीत पुंजाजीकडे पाठ करून बसला.

इकडे भगवंतरावांचे तिघं जीपमधून उतरले. एकाचे केस पिवळे. दुसरा सकाळी बारा अंडी खाई आणि टरफलं मोजून घेई, कोणी एखादं कमी तर दिलं नाही ना म्हणून. तिसऱ्यानं स्वतःची फोमची गादी आणली होती. कुर्बानभाईच्या मनाला सगळ्यांत जास्त ही गादी लागली.

त्यांच्या पैशाचं काय ठरलं ते ऐका. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, महिन्याचे द्या.

"कापूस वेचाले बाया लावतो मी तीस वर्षांपासून," भगवंतराव म्हणाले. "रोजानं लावल्या तं धुऱ्यावर बसून गोष्टी करतात. किलोनं लावल्या तं वावर दुपारीच साफ. मले नोका शिकवू. गोलमागं हजार."

खेळ पाहण्यासारखा झाला. तिघंही पळायचे भयंकर, पण एकमेकांच्याच अंगावर. पिवळ्या केसांच्या पायात चेंडू दिसला की अंडेवाला समोरच्या संघाला सोडून त्याच्याकडे धावे. गादीवाला तर गोल आपल्याच नावावर लिहून घ्यायला रेफरीच्या मागं मागं फिरे. हजार-हजार करत त्यांनी चार गोल केले, खाल्ले एकवीस.

आणि जोडी? कुर्बानभाईनं रागानं सहदेवला उजवीकडे आणि बंडूला डावीकडे लावलं होतं. पहिल्याच दिवशी दोघांची डोकी आपटली आणि संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांच्या नावानं ओ देत होते. पुंजाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून हे पाहत होता.

"डावा बैल उजव्या अंगाले जुपला तू," तो म्हणाला. "बदलून तं पाह्य."

कुर्बानभाईनं बदलून पाहिलं. पण तिघांच्या गर्दीत जोडीपर्यंत चेंडूच पोचेना.

होता होता शेवटची मॅच आली, आमच्याच मैदानावर, मे महिन्यात, सकाळी सहाला. समोर अकोला. त्यांच्याकडे शाहनवाज होता आणि बाकीचे दहा जण त्याचा खेळ उभं राहून पाहत, म्हणून तेही आमच्यासोबत तळाला. जो हरेल तो शेवटला. भगवंतराव बैलगाडी घेऊन आले, गाडीत तिफण आणि तुरीच्या बियाण्याचं पोतं. गाडी लाइनीला लावली आणि पोत्यावर बसून मॅच पाहू लागले. कुर्बानभाई मॅच कमी आणि पोतंच जास्त पाहत होता.

शाहनवाजनं पाचव्या मिनिटाला गोल मारला. नंतर त्यांचा गोल एकदा मोकळाच सापडला. पिवळ्या केसानं पाय उचलला, तोच अंडेवाल्यानं त्याला मागून आडवा केला. गादीवाला धावत आला आणि दोघांवर पडला. चेंडू तिथंच राहिला. रेफरीनं शिट्टी वाजवली आणि डोकं खाजवत उभा राहिला. तिघंही एकाच संघाचे, फाउल कोणाला द्यावा?

हाफटाइमला शून्य-एक. भगवंतराव तिघांकडे गेले. "रेट वाढवतो. गोलमागं दोन हजार."

कुर्बानभाई मध्ये येऊन उभा राहिला. "भाऊ, हे तिघं आता बाहेर बसतील."

"आठ जणांवर खेळतं का बे?"

"आठच खेळून राहिले व्हते आतापर्यंत. हे तिघं तं वेचणी करून राहिले."

"कुर्बान, हरला तं आत्ताच तिफण चालवीन. मिरगाची वाट नाई पाहत."

कुर्बानभाईनं एकदा तिफणीकडे पाहिलं, एकदा धुऱ्यावरच्या पुंजाजीकडे. "मैदान तुमचं आहे, भाऊ," तो म्हणाला. "संघ माझा आहे." आणि जोडीला बोलावून एवढंच सांगितलं, "पोरहो, तो समोर ट्रक उभा आहे असं समजा. भरून टाका."

नंतर जे झालं ते मी बादलीतलं पाणी सांडून पाहिलं. सहदेवनं चेंडू पायानं उचलला की बंडू तिथं असायचाच, न बघता. बंडूनं दिला की सहदेव पुढे. शाहनवाज एकटा दोघांमध्ये इकडून तिकडे पळाला आणि दहाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. पहिला गोल सहदेवचा. दुसरा कोणाचा ते रेफरीलाही कळलं नाही, त्यानं वहीत "दोघांचा" असं लिहिलं. शेवटची शिट्टी वाजली तरी जोडी थांबेना. ट्रक भरल्याशिवाय थांबायची सवयच नव्हती. लोक घरी गेले, नेट सोडून गुंडाळलं, तरी त्यांनी आणखी सहा गोल केले. शेवटी पुंजाजीनं "हो, हो" करून थांबवलं, तेव्हा थांबले.

दोन-एक. अकोला शेवटला.

भगवंतराव पोत्यावर बसूनच होते. तिघं हिशेबाला आले, तर म्हणाले, "आज वेचणी शून्य." जीप गेली. फोमची गादी तेवढी राहिली. कुर्बानभाईनं ती त्याच दिवशी फाडून आतलं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"मैदान तुमचं राहिलं," भगवंतराव म्हणाले. "पण बियाणं घेऊन बसलो ना मी. याचं काय करू?"

"खेळाची जागा सोडून पेरा," कुर्बानभाई म्हणाला.

मिरग लागताच भगवंतरावांनी लाइनीच्या बाहेर चारी बाजूंनी तूर पेरली. दिवाळीपर्यंत ती माणसापेक्षा उंच झाली. बाहेर गेलेला चेंडू मग परत यायचा नाही. एक पाहुणा खेळाडू थ्रो घ्यायला आत शिरला तो हाफटाइमनंतर दुसऱ्या बाजूनं निघाला आणि कोण जिंकलं म्हणून विचारू लागला.

पौषात तूर कापली. साडेतीन पोती तूर झाली आणि एकोणीस चेंडू निघाले. त्यांतले सात कापसाचे होते.