चाळीस सेकंदांची गुणगुण

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. माझ्या पाठीला वायर नाही, पुढच्या कागदी पडद्याला उभी चीर आहे, आणि तरीही या खोलीतून मला कोणी हलवत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी टेबल पुसतात, खुर्च्या पुसतात आणि मला तेवढं सोडून पुढे जातात. घाबरतात बिचाऱ्या. माझी हकीकत ऐका आणि मग घाबरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं शरीर साधं आहे. एक लाकडी खोका, त्यात चुंबक, चुंबकात तारेचं वेटोळं आणि पुढे जाड कागदाचा पडदा. तारेतून वीज आली की वेटोळं हलतं, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि तुम्हाला आवाज ऐकू येतो. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हा उद्योग उलटाही चालतो. माझ्यासमोर कोणी आवाज केला की पडदा हलतो आणि तारेतून वीज बाहेर जाते. म्हणजे ज्या तोंडाने मी बोलतो, त्याच तोंडाने ऐकतोही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

कारखान्यातून आम्ही जुळे भाऊ निघालो. दोन भावांनी मिळून एक रेकॉर्डिंगची खोली थाटली होती, तिथे आम्ही आलो. थोरला डबल बास वाजवायचा. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, जाड तारांचं वाद्य. ते जॅझच्या मैफलीत सगळ्यांच्या पायाखालची जमीन होऊन वाजतं. धाकटा मिक्सरवर बसायचा. स्वयंपाकघरातला मिक्सर नव्हे हं! पियानो केवढा, सॅक्सोफोन केवढा, ड्रम केवढा, हे ठरवणारी बटणांची फळी म्हणजे मिक्सर. थोरला वाजवणार, धाकटा टिपणार. तीस वर्षं त्यांचं असंच चाललं.

माझा जुळा भाऊ एका भर दुपारी विजेच्या झटक्याने जळून गेला. त्याच झटक्यात माझा पडदा फाटला. धाकटा म्हणाला, दोघांनाही भंगारात देऊ. थोरल्याने ऐकलं नाही. मला मांडीवर घेऊन त्याने पातळ कागदाची पट्टी गोंदाने चिकटवली, तिच्यावर फुंकर घातली, पुन्हा चिकटवली. हे करताना तो तोंड मिटून गुणगुणत होता. त्याला ती खोडच होती. हात कामात गुंतले की गळ्यातून आपोआप खर्जात सूर निघायचा. त्याचा श्वास त्या ओल्या ठिगळावर पडत होता. मग त्याने वायर जोडली, गाणं लावलं आणि धाकट्याला हळूच विचारलं, "आलं का रे?"

"आलं, दादा," धाकटा म्हणाला.

तेव्हापासून माझं नाव ठिगळ्या पडलं. आणि खरं सांगतो, ठिगळ लागल्यावर माझे भलते लाड झाले. पुढे भिंतीएवढे नवे स्पीकर आले, ते सगळंच गोड करून सांगत. मी मात्र पोटात काही ठेवत नसे. मिश्रणात कुठे खोट असली की माझ्यावर ती लगेच उघडी पडायची. वादक म्हणायचे, "ठिगळ्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही." मग हळूहळू तेही थांबलं. मी वरच्या फळीवर गेलो. माझ्या डोक्यावर चहाचे कप आले, चिकटपट्टीची रिळं आली. वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

आता त्या मैफलीकडे येतो. चार वादकांची जॅझ मैफल होती, शेवटी थोरल्याने स्वतः बांधलेली रचना वाजणार होती. आयत्या वेळी त्याच्याजवळचा एक माईक बंद पडला. थोरला म्हणाला, "ठिगळ्याला आण. त्यालाही कान आहेत." मला उंच स्टुलावर त्याच्या खांद्याशी, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवलं आणि माझी वायर मिक्सरला जोडली. त्या दिवशी मी स्पीकर नव्हतो, कान होतो. बासचा बाकी आवाज टिपायला खाली दुसरा माईक होताच. निघताना थोरल्याने धाकट्याला बजावलं होतं, "माझी गुणगुण कुठे येऊ देऊ नकोस, लोक बास ऐकायला येतात." आपल्या त्या खोडीची त्याला जन्मभर लाज वाटत आली होती.

शेवटच्या रचनेत, संपायला चाळीस सेकंद उरली असताना त्याचा डावा हात खाली आला. बोटं हलेनात. त्याने वाद्याची मान दंडात धरली आणि बासने जे वाजवायचं होतं ते सगळं तो तोंड मिटून गुणगुणला. एक मात्रा चुकली नाही. ड्रमच्या गडगडाटात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मला गेलं. टाळ्या पडायच्या आधी त्याने सवयीप्रमाणे विचारलं, "आलं का रे?" पण धाकटा पार दूर, सभागृहाच्या टोकाला बसला होता. उत्तर कोण देणार?

मैफलीनंतर अठराव्या दिवशी थोरला गेला.

त्यानंतर धाकट्याने चार महिने त्या मैफलीचं मिश्रण केलं. मैफलीची तबकडी काढणाऱ्या कंपनीने परीक्षणासाठी एका बाईंना पाठवलं. उंच, करड्या केसांच्या, पायात आवाज न करणाऱ्या चपला. रेकॉर्डिंग कसं झालंय, मिश्रण कसं आहे, हे ऐकून त्या एका वहीत लिहीत. त्यांनी 'चालेल' लिहिलं तरच मैफल लोकांपर्यंत जाणार होती.

सकाळभर त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पियानो एका कुशीला झुकलाय. ड्रमच्या झांजा कानाला टोचतात. दुसऱ्या गाण्यानंतर टाळ्या कात्रीने कापल्यासारख्या संपतात, माणसं अशी एकदम गप्प होत नाहीत. पण सभागृहाची हवा छान धरलीय; डोळे मिटले की कोण कुठे उभं आहे ते कळतं. धाकटा मान डोलावून एकेक सुधारत गेला. मग शेवटची रचना आली आणि बाईंनी डोळे उघडले.

"इथे बास नाहीये. बटण खाली राहिलं का तुमचं?"

धाकट्याने सांगितलं, की बटण खाली नाही, दादाचा हातच थांबला होता. बाई म्हणाल्या, "वाईट वाटलं ऐकून. पण घरी बसून ऐकणाऱ्याला कारण ऐकू येत नाही, त्याला खड्डा ऐकू येतो. ही रचना वगळावी लागेल."

धाकट्याचा चेहरा उतरला. दादाने उभ्या आयुष्यात बांधलेली ती एकच रचना होती आणि ती याच मैफलीत एकदाच वाजली होती. दुसरीकडे कुठेही ती नव्हती. वगळली की संपली.

बाईंची एक पद्धत होती. शेवटचं ऐकणं त्या कधीच मोठ्या स्पीकरवर करत नसत. एखादा लहान, एकटा स्पीकर अगदी हळू लावायचा, दार अर्धं उघडं ठेवायचं आणि बाहेर बोळात उभं राहून ऐकायचं. तिथूनही मिश्रण नीट लागलं तर ते खरं. त्यांनी लहान स्पीकर मागितला. धाकट्याने माझ्या डोक्यावरचे कप उतरवले, मला जोडलं आणि दोघं बोळात गेले. ऐन दुपार होती. खोलीत मी एकटा होतो.

मी मैफल वाजवू लागलो. शेवटची चाळीस सेकंदं आली आणि मित्रांनो, माझ्या ठिगळात काहीतरी हललं. तारेतून आलेलं ते नव्हतं. तारेतून काय येतं ते मला कळतं, जन्म गेलाय त्यात. हे ठिगळातून आलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं: मिटल्या ओठांची, खर्जातली गुणगुण. मी ती काढत नव्हतो. मला ती थांबवताही येईना. अशी भीती मला माझा भाऊ जळाला तेव्हाही वाटली नव्हती.

बाई दारात आल्या. "आत कोण गुणगुणतंय?"

खोलीत कोणी नव्हतं. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना वाटलं, कानाआड गेलेलं काहीतरी मिश्रणात असेल. त्यांनी तोच भाग मोठ्या स्पीकरवर भरपूर आवाजात लावला. तिथे काही नाही. मैफलीत मी माईकच्या जागी होतो हे धाकट्याकडून कळल्यावर त्यांनी विचारलं, या स्पीकरने ऐकलेलं कुठे आहे, त्याचा चॅनेल, म्हणजे त्याची वेगळी टिपलेली पट्टी, उघडा.

"तो चॅनेल कोरा आहे," धाकटा म्हणाला. "ठिगळ्याला जोडायच्या घाईत मी त्याचं टिपायचं लाल बटण दाबायलाच विसरलो. दादाला सांगितलंच नाही. तो विचारत राहिला, मी टाळत राहिलो."

संगणकाच्या पडद्यावर त्याने त्या चॅनेलची रेघ दाखवली. सपाट होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

बाई हाडाच्या परीक्षक. भुताखेतांच्या गोष्टींवर नाक मुरडणाऱ्या. त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला, फळीवरचे कप खाली ठेवले, माझे स्क्रू आवळले. शेवटी माझी वायर उपटून हातात घेतली आणि मोठ्या स्पीकरवर रचना पुन्हा हळू लावली. चाळीस सेकंदं आली. मी गुणगुणू लागलो. बाईंनी बोटाचं टोक माझ्या ठिगळावर टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. पडदा हलत होता, आणि गार होता.

"माईक लावा," त्या म्हणाल्या.

"वायर नसलेल्या स्पीकरसमोर?"

"हो. हेडफोनवर मैफल ऐका, म्हणजे खोलीत दुसरा आवाज होणार नाही. लावा लवकर."

धाकटा उठेना. त्याने सांगितलं, की दादाला शब्द दिलाय, त्याची गुणगुण कुठे येऊ द्यायची नाही. एक बटण विसरलो, आता निदान शब्द तरी मोडायचा नाही.

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही मागितली नव्हती. तोच देतोय."

धाकट्याने माईक लावला. या वेळी लाल बटण त्याने दाबलं, बोट न उचलता नीट बघितलं आणि मग कानाला हेडफोन लावला. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. वेळ आली आणि थोरला माझ्या पडद्यातून गायला लागला. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत, कुठे घाई नाही, कुठे श्वास तुटला नाही. माझं ठिगळ ताणत होतं, गोंद सुटत होता, हे मला जाणवत होतं. मी कळ काढली. म्हटलं, फाटायचं तर फाटू दे, पण मात्रा चुकायची नाही. शेवटचा सूर संपला. मग माझ्यातून, अगदी जवळून, एक प्रश्न आला.

"आलं का रे?"

धाकट्याने हेडफोन काढला. त्याचे डोळे भरून आले होते. माईक चालू आहे हे तो विसरला.

"आलं, दादा."

त्याच क्षणी माझं ठिगळ वरपासून खालपर्यंत उकललं. तेव्हापासून माझ्यातून आवाज नाही.

ती गुणगुण बासच्या जागी तंतोतंत बसली. बाईंनी पुन्हा बोळात उभं राहून सगळं ऐकलं, भिंतीला पाठ लावून, वही छातीशी धरून. मग वहीत लिहिलं, ते धाकट्याने कापून माझ्या शेजारी चिकटवलंय: 'चालेल. शेवटच्या रचनेनंतर, टाळ्यांच्या आधी, दोन माणसांचे आवाज येतात. काढू नयेत.'

मित्रांनो, मला कोणी दुरुस्त करू नका. मला आता काही सांगायचं राहिलेलं नाही. तुमच्या घरात एखादी जुनी, ठिगळ लावलेली वस्तू असेल तर ती टाकायच्या आधी एकदा जवळ जाऊन शांतपणे ऐका, एवढंच मागतो. आणि घरातल्या कोणी काम संपवून हळूच काही विचारलं, तर हातातलं ठेवून त्याच वेळी उत्तर द्या. धाकट्याला ते द्यायला चार महिने आणि अठरा दिवस लागले. तो अजून रोज दुपारी दार अर्धं उघडं ठेवतो आणि बोळात जाऊन उभा राहतो.