गेटवरचे बाबा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मिल बंद पडून वर्ष झालं, पण वासुदेवरावांमधला टाइमकीपर काही रिटायर होईना. तीस वर्षं गेटवर बसून त्यांनी लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. आता लिहायला उरली एकुलती एक लेक, निशिगंधा. कॉलेजला निघाली की कॅलेंडरवर वेळ पडायची, परतली की पुन्हा पडायची, आणि दहा मिनिटं इकडची तिकडे झाली की वासुदेवराव सायकल घेऊन चौकात हजर!

अशा बापाच्या मुलीने रॉक बँडमध्ये गावं! वर उद्या भोपाळला स्पर्धा. "आधी इथलं गाणं ऐकतो, मग सांगतो," असं बजावून ते मिल कॉलनीच्या गणपतीपुढे पहिल्या रांगेत जाऊन बसले.

ड्रम असे बडवले की मांडवाचे बांबू हलले. मग निशिगंधा गाऊ लागली. गाणं तिनेच लिहिलेलं, हिंदीत, कुणा पोलिसी खाक्याच्या बापावर. पोरगी शिंकली की डॉक्टर, मैत्रिणीकडे गेली की मागोमाग सायकल. वासुदेवरावांना हसू आवरेना.

"क्या बाप है यार!" शेजारच्या रघुवीरला ते म्हणाले. मिलमधला हा जुना फिटर नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात ध्रुवपद आलं: "मिल तो बंद हो गई पापा, गेट पे अब तक क्यूँ खड़े हो?"

वासुदेवरावांचं हसू तोंडातच राहिलं. मागे बेकार बसलेली अख्खी मिल टाळ्या वाजवत तीच ओळ म्हणू लागली. ही माणसं हसताहेत की रडताहेत? पोरीने आपली अब्रू चव्हाट्यावर मांडली, की आपलं दुखणं सांगितलं? रागवावं तर डोळे भरून येत होते, रडावं तर मेला पाय ठेका धरत होता.

"भिया, मेरे को भी घर में येई बोलते हैं," रघुवीर नाक पुसत म्हणाला.

गाणं संपल्यावर निशिगंधा घामाघूम होऊन समोर आली.

"बाबा, नाराज तर नाही ना झाले?"

"माहीत नाही."

"मग उद्या जाऊ का मी?"

मिल बंद करताना वासुदेवरावांना कुणी विचारलं नव्हतं. ही निदान विचारत तरी होती.

"जा," ते म्हणाले. आपण हो का म्हटलं, तेही त्यांना कळलं नाही.