काचेचे दोन ग्लास

“आबा, तुम्ही यल्लव्वाला ओळखत होता काय?”

पारमितानं हे विचारलं तेव्हा आण्णाप्पांच्या हातातला पुरणाचा कडबू तोंडापर्यंत जाऊन तिथंच थांबला. मागं तिच्या मैत्रिणींनी, ऋतिका आणि सौम्यानं, एकमेकींना चिमटे काढले. विचारलं की गं हिनं! खरंच विचारलं, आणि ते पण भर पंगतीत!

पैज मघाशी विहिरीच्या कट्ट्यावर लागली होती. येळ अमावास्येच्या रानपूजेचं जेवण, ऋतिकाचे आजोबा आण्णाप्पा यांचं रान, आणि पारमिता नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली. तिच्या तोंडाला खीळ कसली? “माझी आज्जी याच रानात तंबाखूच्या कामाला यायची, माहिताय?” असं ती सहज बोलून गेली. सौम्यानं नाक मुरडलं, “फेकू नको. खरं असलं तर विचार की आबांना. सगळ्यांसमोर!” ऋतिकानं लगेच चॉकलेट पैजेवर लावलं.

पंगतीत आबांच्या शेजारी मानानं बसवलेली पाहुणी म्हणजे पारमिताची आई, रचना. ती बेळगावातल्या एका पर्यावरण संस्थेत धोरणांचं काम बघायची. म्हणजे नक्की काय, ते पारमिता कुणालाही एका दमात सांगायची: माती मरायला लागलीय, ती मरू नये म्हणून सरकारला नियम बदलायला लावायचे, ते आईचं काम. ऊस तुटला की रानातलं वाळलेलं पाचट पेटवून द्यायचं, ही इथली रीत. पाचट मातीतच कुजवायचं, त्यासाठी कुट्टीची यंत्रं सरकारनं गावोगाव द्यायची, ही संस्थेची मागणी. पण आधी गावांनी ‘जाळणार नाही’ असा ठराव करायला हवा, तरच बेंगळूरला कुणी ऐकून घेणार. पहिला ठराव याच गावच्या सोसायटीत येणार होता, सोमवारी. त्या सभेत शाळेतर्फे मातीवरचं भाषण पारमिताच करणार होती. आण्णाप्पा सोसायटीचे चेअरमन. त्यांनी मांडला तर सगळे हात वर जाणार, नाहीतर एकही नाही. त्यासाठी रचना दोन वर्षं या गावचे उंबरे झिजवत होती.

आणि आज ते जमलं होतं. जेवणाआधी तिनं अक्काताईंकडून, म्हणजे ऋतिकाच्या आईकडून, काचेचे दोन ग्लास मागून घेतले. दोन्हींत पाणी भरलं. एकात जाळलेल्या रानातलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात पाचट कुजवलेल्या रानातलं. पहिलं बघता बघता विरघळलं, पाण्याचा चहा झाला. दुसरं बुडबुडे सोडत तसंच बसून राहिलं.

“आयला, मॅडम! पाऊस पडला की आमचं रान असंच वाहून जातंय व्हय?” आण्णाप्पा ग्लासात डोळे घालून म्हणाले. “सोमवारी मीच मांडतो ठराव. तुमी फकस्त ह्ये ग्लास दावा सगळ्यांस्नी.”

आई तेव्हा कशी हसली होती! पारमितानं तिला इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं.

आता ती हसत नव्हती. तिचा हात ताटात होता, तिथंच राहिला.

“कंची यल्लव्वा?” आण्णाप्पांनी विचारलं.

“तंबाखूच्या दिवसांत तुमच्याकडं यायची ती. माझी आज्जी. आईची आई!” पारमितानं शेवटचे दोन शब्द स्पर्धेत म्हणतात तसे ठासून म्हटले.

आण्णाप्पांनी कडबू ताटात ठेवला. रचनाकडं नीट, सावकाश बघितलं. मग त्यांचा सगळा चेहरा हसला.

“आगं, तू यल्लव्वाची पोर व्हय!”

पारमितानं मैत्रिणींकडं बघून अंगठा उंचावला. जिंकली! आबांना आठवलं, आबा खूश झाले. ‘मॅडम’ कुठं गेल्या आणि ही ‘आगं’ कुठून आली, हे तिच्या कानाला लागायला थोडा वेळ लागला.

“तरीच म्हटलं, ह्ये नाक वळखीचं कसं वाटतंय! लई कामाची बाई, पन तोंडाला फटकळ.” आण्णाप्पा पंगतीकडं वळले. “वळखलं का न्हाय? ही आपल्या बांधावर वाढलेली पोर. आनि आता आमालाच माती शिकवायला आलीया!”

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, “शिकली की वो, बरं झालं.” कुणीतरी विचारलं, “यल्लव्वा हाय का गेली?”

“गेली,” रचना म्हणाली.

अक्काताई तुपाची वाटी घेऊन आल्या. मघाशी त्यांनी रचनाचा नको-नको म्हणणारा हात बाजूला करून, चमचा ताटाला टेकवून तूप वाढलं होतं. आता त्यांनी ते उंचावरून सोडलं. धार कडबूवर पडली नाही, भाजीत पडली.

“आण्णा, सोमवारचं...” रचनानं आवाज सरळ ठेवून विचारलं.

“करूया की! ठराव चांगलाच हाय, त्यात काय वाद न्हाय. पन तू नगो येऊस. तुमच्या हापिसात कोन सायेब असतील की, त्यास्नी धाड. कसं हाय, सभंला धा मानसं येत्यात. कोन काय बोललं म्हंजे तुलाच वाईट वाटायचं. तुझ्यासाठीच सांगतोय.”

पारमिताची मान आईकडं वळली. आता आई बोलणार. बेंगळूरच्या बैठकीत मोठ्या अधिकाऱ्याला ‘तुम्ही अहवाल वाचलाय का?’ असं विचारणारी आई. आता!

“बरं,” रचना म्हणाली. “साहेबांना पाठवते.”

“हां. आनि ह्या पोरीला येऊ दे. शाळंचं भाषन हिचंच हाय न्हवं? ग्वाड बोलतीया.” मग सुनेला म्हणाले, “चरगा झाला की उरलंसुरलं बांधून दे गं हिला. यल्लव्वाबी न्यायची, पदर भरून.”

जेवणं झाल्यावर चरगा निघाला. पुढं एकजण सगळ्या पदार्थांचा काला रानाला घास म्हणून चौफेर उडवत गेला, मागून दुसरा तांब्यातलं पाणी शिंपडत “चांगभलं!” म्हणत गेला. मातीला जेवू घालायचा दिवस. पारमिताला सकाळपासून तेच बघायचं होतं. आता ती त्याच्याकडं पाठ करून कट्ट्यावर बसली होती.

“घे, जिंकलीस,” ऋतिका म्हणाली. तिनं चॉकलेट पारमिताच्या हातात दिलं नाही, कट्ट्यावर ठेवलं. ती नेहमीच असं ठेवते की आजच ठेवलं, हे पारमिताला काही केल्या आठवेना.

सौम्या खुदकन हसली. “मला वाटलं तू मॅडमची लेक. तू तर बांधावरची निघालीस!”

“गप गं,” ऋतिका म्हणाली. पण तीही हसत होती.

निघताना रचनानं दोन्ही ग्लास रिकामे करून विसळले आणि ताटांच्या ढिगाकडं नेले. अक्काताई लगबगीनं आडव्या आल्या.

“ते तुमीच घिऊन जावा. माती लागलीया न्हवं त्यास्नी.”

“धुतलेत मी.”

“असू द्या वो. आमच्यात हाईत ढीगभर.”

त्यांनी कागदात बांधलेलं उरलंसुरलं हातात न देता कट्ट्यावर ठेवलं. रचनानं ते उचललं. ग्लासही उचलले.

निपाणीच्या बसमध्ये ग्लास तिच्या मांडीवर होते. खड्डा आला की एकमेकांवर आपटायचे. ते धरून ठेवत रचनानं विचारलं,

“आज्जीनं तुला काय सांगितलं होतं त्या रानाचं?”

“कडबूचं,” पारमिता म्हणाली. “येळ अमावास्येला पदर भरून कडबू मिळायचे, घरी येईपर्यंत गरम असायचे, असं.”

“बांधावर बसून मिळायचे. सगळ्यांचं जेवून झाल्यावर. वरून टाकायचे, पदर पसरायचा. मी शेजारी बसलेली असायचे.” रचनानं एक ग्लास दुसऱ्यापासून लांब धरला. “ती तुझ्यासाठी तेवढंच गोड ठेवून गेली. आणि आज तू तिला परत नेऊन तिथंच बसवलंस.”

पारमिता समोरच्या सीटचं फाटकं रेक्झिन नखानं खरवडत राहिली.

“मग तू ‘बरं’ का म्हणालीस?” तिनं विचारलं.

“ठराव व्हायला पाहिजे म्हणून.”

“त्यांच्या मातीसाठी?”

“आपली कुठाय?” रचना म्हणाली.

घरी पप्पा, भीमरत्न, कॉलेजचे पेपर तपासत बसले होते. “काय म्हणतंय रान?” त्यांनी हसत विचारलं. रचनानं ग्लास टेबलावर ठेवले, उभ्याउभ्याच ऑफिसला फोन लावला. “सर, मला जरा बरं नाही. सोमवारी सभेला तुम्ही जाल का? नाही नाही, त्यांचा होकार आहे. आण्णाप्पा स्वतः मांडतायत.” आवाज अगदी ठणठणीत होता. भीमरत्नांचा लाल पेन एका उत्तरावर थांबला. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग लेकीकडं. टेबलावरच्या कागदी पुडीतून तूप झिरपत होतं.

पारमितानं पुडी उचलून मागच्या दारी, आईनं पालापाचोळा कुजवायला ठेवलेल्या ड्रममध्ये टाकली. हात धुतले. मग दोन्ही ग्लास घेतले. त्यांना मातीचा कणही लागलेला नव्हता, तरी तिनं ते साबणानं घासले, उजेडाला धरून बघितले, पाण्यानं भरले आणि एक आईपुढं, एक पप्पांपुढं ठेवला. दोघं प्यायले. ती उभी राहून बघत होती.

“सोमवारचं भाषण मी करणार हाय,” ती म्हणाली. “पण सुरुवात बदललीय. पहिल्यांदा आज्जीचं नाव. ती कुठं बसायची ते. माती त्यानंतर.”

“पारू, ठराव पडेल,” रचना म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचा चेहरा फक्त थकलेला दिसत होता. “दोन वर्षं गेलीत माझी त्यात.”

“माहिताय.”

पारमितानं रिकामे ग्लास उचलले, पुसले, आणि दप्तरात वह्यांच्या मधे, फुटणार नाहीत असे नीट बसवले.

“आणि भाषणाआधी आबांना पाणी मीच देणार. सगळ्यांसमोर. ह्याच ग्लासात.”